आईने सोडलेली ज्वारी

आमच्या घरात वर्षाचे आठ दिवस सोडले तर ज्वारी रोज असायची. त्या आठ दिवसांत मात्र तिचं पीठसुद्धा घरात राहायचं नाही. पिठाचा डबा शेजारच्या जमनाकाकूंकडे जायचा, काठवट माळ्यावर चढायची, जात्याचे दोन्ही दगड धुऊन अंगणात उन्हाला लावले जायचे आणि आम्ही आठ दिवस तांदळावर काढायचो. बारा वर्षांची होईपर्यंत माझी पक्की समजूत होती की ही आज्ञा मोशेला डोंगरावर मिळाली आहे. खानदेशातल्या ज्वारीशी मोशेचा काय संबंध, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तशी मी चौकस मुलगी होते, शाळेत बाईंना भंडावून सोडायची. पण आईच्या बाबतीत माझी चौकशी बंद असायची.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, मूळचे कोकणातले. बाबा नंदुरबार स्टेशनात तारमास्तर होते. मी दोन वर्षांची असताना त्यांची तिथे बदली झाली आणि बदली करणाऱ्याला आमचा बहुतेक विसर पडला, कारण पुढे दहा वर्षं आम्ही तिथेच होतो. रेल्वेच्या क्वार्टर्स म्हणजे दोन खोल्या, मागे पडवी, पुढे लिंबाचं झाड. तारेचा कट्ट कडकट्ट आवाज वारा आमच्या बाजूने असला की थेट स्वयंपाकघरात यायचा. आई तांदूळ निवडताना म्हणायची, "बघ, तुझा बाबा बोलतोय." घरात ते फारसं बोलत नसत, तेव्हा हे खरंच होतं. उन्हाळा तोंडावर आला की गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पडायच्या, मैलभर लाल, आणि वारा सुटला की अख्खी शाळा शिंकायची. अजूनही इथे ठाण्याला कुणी फोडणीत मिरची करपवली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि सुनेला वाटतं, म्हातारीला काही लागलं.

गावात आमच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. आम्ही कोण, हे कुणाला नीट कळलंही नव्हतं. शनिवारी चूल पेटत नाही, खवल्याशिवायचा मासा चालत नाही, मटण तर बंदच, कारण आमच्या रीतीने कापणारा माणूस जवळपास नव्हता. यावरून कुणी आम्हाला मुसलमान म्हणे, कुणी जैन. शाळेच्या पटावर माझ्या नावापुढे मास्तरांनी बराच वेळ विचार करून 'कोकणी' असं लिहिलं होतं. कुणी वाईट वागवत नसे, उलट माणसं जीव लावणारी. पण आपल्या घरात सण आहे आणि दाराबाहेर तो कुणालाच ठाऊक नाही, हे फार एकटं करून टाकणारं असतं.

पेसाहला, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, आमच्याकडे जुनी बायकामाणसं अनाशी ढाकण्याचा सण म्हणत. अनास म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं, आंबलेलं काही तोंडात घालायचं नाही. गव्हाचं फुगलेलं काही नाही, फक्त बिनखमिराची रोटी. आईच्या माहेरी, रेवदंड्याच्या बाजूला, या सणाआधी सगळ्या आळीला चुना लागायचा, कल्हईवाला आठवडाभर आमच्याच लोकांत मुक्काम ठोकायचा, बायका रात्री जागून तांदूळ निवडायच्या. ती हे सगळं मला त्या आठ दिवसांतच सांगायची. एरवी आई कमी बोलायची. पण सणाचा तांदूळ सुपात घेतला की तिची जीभ सुटायची, कुठल्या आत्येने चुन्याच्या बादलीत पाय घातला, कुणाच्या नवऱ्याने मनुकांचं सरबत चाखून चाखून आधीच संपवलं, असलं काहीबाही सांगून ती स्वतःच हसायची. मला तिचं ते हसणं फार आवडायचं. वर्षभरात ते पुन्हा ऐकू यायचं नाही.

जमनाकाकू आमच्या क्वार्टर्सच्या कुंपणापलीकडे राहायच्या. गुजर घराणं, बाहेर शेती, घरात दोन म्हशी. त्यांची कमू माझ्याच वर्गात होती. एरवी आमची दोन घरं एकच असल्यासारखी. मी त्यांच्या चुलीपुढे बसून गरम भाकरी आणि लसणाची चटणी खायची आणि कमू आमच्याकडे नारळाच्या दुधातलं कालवण ओरपायची. पेसाहचे आठ दिवस मात्र मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत जायची नाही, कारण गेलं की काकू हातात भाकरी देणार आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडणार. कमू संध्याकाळी आमच्या खिडकीशी यायची. पहिले दोन-तीन दिवस ती गजांतून गप्पा मारायची, मग कंटाळून दुसऱ्या मुलींकडे खेळायला निघून जायची. सण संपला की चार दिवस ती माझ्याशी जरा तुटक वागायची आणि मग सगळं ठीक व्हायचं. बहुतेक वर्षी असंच.

काकूंना हे आमचं काही पटायचं नाही. कुंपणाशी उभ्या राहून त्या आईला म्हणायच्या, "भाकर शे ती बहीण, तिन्हामा काय पाप शे? वरीसभर खातस, आणि आठ दिन नही?" आई नुसती हसायची आणि म्हणायची, "आमच्यात तसं आहे." बस्स. आमच्यात तसं आहे. मीही शाळेत हेच वाक्य वापरायची. त्याच्यापुढे कुणाला काही बोलता येत नाही, हा त्याचा गुण.

मग दुसरी मोठी लढाई आली. लढाई लांब होती, पण तिची पहिली झळ आमच्या घरात तांदळालाच लागली. आजवर तांदूळ आजोळहून गोणीने यायचा. आता एका जिल्ह्यातलं धान्य दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी झाली. नवापूरकडे भात पिकतो, तोही लेव्हीत, सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, जाऊ लागला. रेशनच्या दुकानात ज्वारी मिळे, बाजरी मिळे, कधी किडका मका मिळे, आणि तांदूळ आला तर पसाभर. बाबांच्या ओळखीच्या एका हमालाने चोरून पायली आणून देतो म्हटलं, तर बाबा म्हणाले, "चोरीच्या तांदळाने पेसाह पाळायचा, तर मग सरळ पावच खाऊ या की." त्या वर्षी आईने आठ दिवस बटाटे, खजूर आणि ताकावर काढले. सातव्या दिवशी ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली. जमनाकाकूंनी तिला उचलून आणलं आणि माझ्याकडे बघून ओरडल्या, "तुन्ही माय सुकी ऱ्हायनी, तुले दिसत नही का?" मला दिसत होतं. पण बारा वर्षांच्या, तेव्हा तर अकराच्याच, मुलीने त्याचं काय करायचं असतं?

पुढच्या वर्षी परिस्थिती आणखी वाईट झाली. माघात मला भाऊ झाला. माझ्या आणि त्याच्या मधली दोन राहिली नव्हती, त्यामुळे घरात सगळे त्याच्याकडे श्वास रोखून बघत असायचे. बाळ लहानखुरं, रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. आईला दूध कमी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि बाबांना सांगितलं की अंगात रक्त नाही, पोटभर खाऊ घाला, दूध तुटलं तर हे मूल वरच्या दुधावर तगेल असं मला वाटत नाही. तेव्हा पेसाह तीन आठवड्यांवर आला होता. घरात तांदूळ होता दोन शेर. मुंबईहून बिनखमिराच्या रोटीचं एक पुडकं आलं होतं, ते पहिल्या रात्रीपुरतं.

बाबांनी आईला जेवताना सांगितलं, "ह्या वर्षी ज्वारी खायची." आई म्हणाली, "नाही." बाबा म्हणाले, "बाळाकडे बघ." आई म्हणाली, "बघतेय." आमच्या घरात भांडण म्हणजे एवढंच. पण त्यानंतर चार दिवस बाबा घरी आले की टोपी खुंटीला न अडकवता खाटेवर टाकायचे, आणि ते त्यांचं ओरडणं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी आईच्या माहेरच्या गावातल्या म्हाताऱ्या काजींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, पत्र लिहिलं. लग्नं, सुंता, प्रार्थना सगळं तेच चालवत आणि जुने ग्रंथ जाणणारे म्हणून त्यांचा शब्द आमच्यात मानला जाई. बायको आणि मुलगी दहा वर्षं पेसाहला ज्वारी खात नाहीत असं कळवून बाबांनी एवढंच विचारलं, की पेसाहला ज्वारी चालते का, आणि नसेल चालत तर बाळंतिणीला काही सूट आहे का.

उत्तर आठ दिवसांत आलं. बाबांनी ते पडवीत मोठ्याने वाचलं. मला त्यातले शब्द आठवत नाहीत, पण मुद्दे पक्के आठवतात, कारण पुढे कित्येक वर्षं मी ते मनात घोळवत राहिले. ज्वारी गहू, जव अशा मना केलेल्या पाच धान्यांत नाही, ती कुठेच मना नाही. जीव जात असेल तर खाण्याला कसलीच आडकाठी नाही, हे वेगळं सांगायला नको. पण तशी वेळ येण्याआधीच मोकळं व्हायचं असेल, तर नीट विचार करा. माणूस चुकून, मना आहे असं समजून एखादी गोष्ट सोडतो, तेव्हा खरं कळल्यावर त्याने ती खुशाल खावी, त्याला कुणी सोडवायची गरज नाही. पण जो मना नाही हे जाणून, चांगलं म्हणून, आपल्या मनाने सोडतो, आणि तीनदा सोडतो, त्याची ती चाल होते आणि चाल नवसासारखी बांधते. मग ती तीन माणसांपुढे उभं राहून सोडवून घ्यावी लागते. नवऱ्याला त्या तिघांत धरत नाहीत. तेव्हा आधी तुमच्या बायकोला विचारा, ज्वारी चालते हे तिला माहीत होतं का?

बाबांनी पत्र खाली ठेवलं आणि आईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. माहीत नव्हतं म्हण, की झालं, असा तो चेहरा. आई बाळाला मांडीवर थोपटत होती.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सोलापूरला मामाकडे लहानपणी पेसाहला मी ज्वारीची भाकर खाल्लीय. तिथे आपली सगळीच खातात. आईनेपण सांगितलं होतं, पाच धान्यं तेवढी नाहीत, बाकी चालतं."

"मग अगो, दहा वर्षं हे काय चाललंय?"

आईने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग बाबांकडे न बघता बोलली. "इथे आलो त्या वर्षी सणाच्या दिवशी सकाळी उठले. बाहेर बघते तर कुणाला काही नाही. गाड्या तशाच. जमनाबाई तशीच भाकऱ्या थापतेय. तुम्ही कामावर गेलेले. चुना लावला तर शेजारी विचारतात, कुणाचं लगीन? मी म्हटलं, काहीतरी सोडल्याशिवाय सण आलाय हे मला तरी कसं कळणार? म्हणून ज्वारी सोडली. इथे दुसरं सोडण्यासारखं होतं काय?"

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मोशे नाही, डोंगर नाही. नुसती माझी आई. बाबांना मग माझी आठवण झाली, त्यांनी पत्रातली शेवटची ओळ वाचली: मुलगी अजाणतेपणी करते आहे, तिच्यावर काही बंधन नाही, तिने आजपासून खावी. त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला रडू आलं. आईबरोबर बांधलेली आहे असं समजून दहा वर्षं काढली आणि आज कळलं की बांधलेली ती एकटीच आहे, मी उगाच शेजारी बसले होते. हे बालिश वाटेल, पण आज ऐंशीच्या घरातही मला ते वाईट वाटणं जसंच्या तसं आठवतं.

तीन माणसं शोधायची होती. गावात आमचे पुरुष म्हणाल तर एकटे बाबा, आणि त्यांनाच धरत नव्हते. पण बाबांच्या बोटांखाली तार होती. साहेब जेवायला गेला की ते सुरतेपासून भुसावळपर्यंत कुणाकुणाला कट्ट कडकट्ट करत असावेत, कारण रेल्वेत आमची माणसं इकडे तिकडे होतीच. मालगाडीचे गार्ड रूबेनकाका तयार झाले; त्यांची गाडी आमच्याकडे इंजिन पाणी घेईपर्यंत थांबायची. ते ब्रेकव्हॅनमधून सुरतेजवळच्या उधन्याचा, आमच्यातलाच एक तरुण फिटर आणणार होते. आणि अमळनेरला मुलाकडे राहणारे एक पेन्शनर जमादार, एलोजीबाबा, सकाळच्या पॅसेंजरने येणार होते. ते पलटणीत असताना प्रार्थना चालवायचे, त्यांना रीत ठाऊक होती. पेसाह चार दिवसांवर होता.

ठरलेल्या दिवशी स्टेशनची वेटिंगरूम रिकामी होती. तिघे वेताच्या खुर्च्यांवर बसले, डोक्यावर टोप्या. फिटरकडे टोपी नव्हती, त्याने तेलकट रुमाल बांधला होता. आई समोर उभी, कडेवर बाळ. मी आणि बाबा भिंतीशी. बाहेर इंजिनात पाणी पडत होतं, त्याचा आवाज आत भरून राहिला होता. रूबेनकाकांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. एलोजीबाबांचा आवाज पलटणीतला होता, खोलीला मोठा.

"पोरी, काय धरलं होतंस ते सांग."

आईने सांगितलं.

"ही चाल धरली याचा तुला पस्तावा होतो?"

आई म्हणाली, "नाही."

बाबांनी भिंतीला टेकवलेलं डोकं उचललं. रूबेनकाका हळूच म्हणाले, "वैनी, हो म्हणायचंय. पस्तावा असल्याशिवाय सुटत नाही."

"देवाला समोर बसवून खोटं बोलू? मला पस्तावा नाही. मला ते आठ दिवस हवे असायचे."

"मग आलीस कशाला?" एलोजीबाबा रागावले नव्हते, खरंच विचारत होते.

"बाळासाठी."

एलोजीबाबांनी दाढी खाजवली. ते म्हणाले, अशा वेळी एक वाट असते. तेव्हाच घरात काही होतं, पण तुला दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तर तू हे धरलं नसतंस, असं काही निघालं तर गाठ मुळातूनच सुटते. पण ते तेव्हापासूनचं हवं. लढाई नंतर आली, ती धरायची नाही. बाळही नंतर आलं. "तेव्हा घरात कोण होतं?"

"हे, आणि ही. ही माझ्या कडेवर होती."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी असं एकदम बघितलं की मी फ्रॉकची किनार पिळायची. एलोजीबाबांनी मला पुढे बोलावलं. "नाव काय?"

"दिना."

"दिना, त्या आठ दिवसांत तू काय करतेस?"

मी सुरुवात केली ती साधीच. म्हटलं, मी काकूंकडे जात नाही. कमू खिडकीशी येते, मग कंटाळून जाते. शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या मुली डबे उघडतात तेव्हा मी उकडलेला बटाटा घेऊन मागच्या टाकीपाशी बसते, कारण भाकरी का नाही असं त्या विचारतात आणि रोज तेच सांगायचा मला कंटाळा येतो. गेल्या वर्षी कमूने सणानंतर तिच्या बाकावरची माझी जागा दुसरीला दिली आणि ती मला परत मिळाली नाही. हे मी घरी सांगितलं नव्हतं. आणि मग, कशी कोण जाणे, मी म्हणाले, "मला फार एकटं वाटतं." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. बोलल्यावर रडू आवरेना.

मी खोटं बोलले नाही. पण सगळंही बोलले नाही. त्याच आठ दिवसांत आई माझी असायची, सुपापलीकडे बसून हसायची, ते मी त्या तिघांना सांगितलं नाही. रूबेनकाकांच्या हातातलं घड्याळ मला दिसत होतं, बाळाची सुकलेली टाळू दिसत होती, आणि कुठला अर्धा भाग बोलला की दार उघडेल हे मला त्या वयातही बरोबर कळलं होतं. त्याची टोचणी मला पुढे अनेक वर्षं होती. आता नाही, किंवा फार कमी.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एलोजीबाबांनी या वेळी आवाज खाली आणला. "पोर तेव्हाही तुझ्या कडेवर होती. हे तुला त्या पहिल्या वर्षी कळलं असतं, तर तू ज्वारी सोडली असतीस?"

बाहेर पाण्याचा आवाज थांबला. इंजिनाने एक शीळ दिली. रूबेनकाका उठायला गेले आणि पुन्हा बसले.

"नाही," आई म्हणाली. "नसती सोडली."

मग तिघे एकदम बोलले, फिटरचा आवाज त्या दिवशी मी तेवढाच ऐकला. आधी पवित्र भाषेत, हिब्रूत, आणि मग एलोजीबाबांनी मराठीत: मोकळी, मोकळी, मोकळी. तीनदा. रूबेनकाका हिरवं निशाण काखेत मारून धावत सुटले, फिटर त्यांच्या मागे, आणि एलोजीबाबा आमच्या घरी जेवून, बाळाच्या डोक्यावर हात ठेवून संध्याकाळच्या गाडीने गेले. घरी येताना आई बाळाला घेऊन माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. मला वाटलं ती माझ्यावर चिडली आहे.

पेसाहच्या पहिल्या दिवशी दुपारी आईने ज्वारी थापली. गव्हाचा एक दाणा त्यात राहू नये म्हणून तिने ती तीन वेळा निवडली होती, धुतलेल्या जात्यावर स्वतः दळली होती, तवा नवा आणला होता. कुंपणापलीकडून जमनाकाकूंना थापण्याचा आवाज गेला असावा, त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज भाकर शे व?" आणि डोळे पुसत परत गेल्या. बाबा ड्युटीवर होते. बाळ पाळण्यात झोपलं होतं. आई आणि मी समोरासमोर बसलो, दोन थाळ्या, एकेक भाकरी, खवल्याच्या माशाचं कालवण.

तिने पहिला घास खाल्ला. मी बघत होते. तिने दुसरा खाल्ला.

"कशी लागते?" मी विचारलं.

"ज्वारीसारखी," ती म्हणाली. मग थांबली. "दिना, तुला एवढं एकटं वाटायचं, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

"मला वाटायचं, या घरात एकटी ती मीच. तू समोर बसून तांदूळ निवडायचीस आणि मला वाटायचं, पोर मजेत आहे." तिने हातातला तुकडा थाळीत ठेवला. "दोघी इतक्या जवळ बसायचो गो."

माझ्या तोंडात घास होता. मला म्हणायचं होतं की मी मजेतही होते, ते मी तिथे सांगितलं नाही, ते तुला सांगायचंय. पण तेवढे शब्द मला तेव्हा जमले नाहीत. आई उठली, माझी भाकरी उचलून आपल्या थाळीत ठेवली, माझी रिकामी थाळी बाजूला सारली आणि मला तिच्या बाजूला ओढून घेतलं. आम्ही एका थाळीत जेवलो. त्या आठही दिवसांत तसंच जेवलो. पुढच्या वर्षी भाऊ रांगत थाळीत हात घालायला येऊ लागला तेव्हाही, त्याच्या पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी कुणी ठरवलं नव्हतं, तरी मी पेसाहला एकच थाळी मांडली, आणि ती माझी चाल झाली.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सून दर पेसाहला विचारते, "आई, एका माणसाला एवढी मोठी थाळी, दोन भाकऱ्या, कशाला?" मी म्हणते, आमच्यात तसं आहे. ठाण्यात आमच्या लोकांना तोटा नाही, तिघे काय, तेरा मिळतील. सोडवून घ्यायला मी कुणाकडे गेले नाही. गेले असते तर त्यांनी पस्तावा होतो का असं विचारलं असतं, आणि मलाही नाही म्हणावं लागलं असतं.